भिंतीपाशी बोलू

कौसे,

तुझा तेरावा व्यवस्थित पार पडला, हे आधी सांगून टाकते. लासूर स्टेशनहून तुझ्या भावाकडची दोन जीप भरून माणसं आली, बजाजनगरातली तुझी सगळी कॉलनी आली, आणि आपल्या नाटकवाल्यांपैकी ज्यांचे गुडघे अजून साथ देतात ते आले. मी रडायच्या तयारीनंच गेले होते, कमरेला दोन रुमाल खोचून. पण पंगतीत तुझ्या भावानं पोळ्याची गोष्ट काढली. तू सात-आठ वर्षांची असताना तुला बैलाची शिंगं रंगवायला दिली आणि तू शिंगांवर न थांबता अख्खा बैल निळा केलास, ती. "चार दिवस निळाच हिंडला बैल," भाऊ म्हणाला, "लोक इचारायचे, ही जात कुठली म्हणून." सगळी पंगत हसली. माझे रुमाल कोरडेच घरी आले.

पेपरातही आलं. 'ज्येष्ठ नेपथ्यकार आणि चित्रकला शिक्षिका' असं छापलंय. तुझा जन्म, तुझं शिक्षण, तुझे पुरस्कार सगळं त्यात आहे. त्यामुळे ते मला लिहावं लागणार नाही, हे बरंच झालं. 'ज्येष्ठ' वाचून तू भांडायला निघाली असतीस, आणि 'नेपथ्यकार' वाचून पुन्हा एकदा. तू पडदे शिवलेस, मुखवटे केलेस, ऐनवेळी वादक आला नाही तेव्हा हलगी शेकून वाजवलीस, बायकांच्या भजनी मंडळाला बाहुल्या करून दिल्यास. आठवतं ना, एका उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी तुला विचारलं होतं, "आपण नक्की काय करता?" तू तेव्हा खाली बसून माझ्या नाटकातल्या खुर्चीचा पाय ठोकत होतीस. तोंडात दोन खिळे. ते काढून हातात घेतलेस आणि म्हणालीस, "जे कमी हाय ते." साहेबांना काही कळलं नाही. मलाही ते फार उशिरा कळलं.

आता मुद्द्याचं. उद्या रविवारी तुझ्या भिंतीला चुना लागायचा आहे, आणि या वर्षी तो लावायचा की नाही, हे मी सांगायचं आहे.

तुला माहीत असलेलं तुलाच सांगते, कारण मला ते एकदा ओळीनं मांडून बघायचंय. दिवाळीच्या आधीच्या रविवारी तुमच्या कॉलनीतली माणसं मैदानाची ती लांबलचक भिंत चुन्यानं पांढरी करतात. दिवाळी झाली की दोन रविवार रंग. ज्याला जे काढायचं ते त्यानं काढायचं. कंपनीत पाळ्यांवर राबणारी माणसं, त्यांच्या बायका, गावाकडून येऊन राहिलेले म्हातारे-म्हाताऱ्या. कुणी मशीन काढतं, कुणी गावातली विहीर, कुणी नुसतंच बायकोचं नाव आणि भोवती वेलबुट्टी. तू रंग कालवून द्यायचीस, शिडी धरायचीस, फार तर म्हणायचीस, "आभाळ लई गिचमिड झालं, जरा मोकळं सोड." स्वतः मात्र, गेलं वर्ष सोडलं तर, कधी ब्रश लावायची नाहीस. वर्षभर ते सगळं भिंतीवर राहायचं आणि पुढच्या दिवाळीआधी पुन्हा चुना. वीस-बावीस वर्षं हे चाललंय, आणि तितकीच वर्षं आपलं भांडण.

तेराव्याला दशरथभाऊ पत्रावळ घेऊन माझ्या शेजारीच येऊन बसले. कंपनीतून रिटायर झाल्यापासून तेच तुझ्या भिंतीचे कारभारी. म्हणाले, "मॅडम, औंदा चुना नाय लावायचा, आसं समद्यांचं म्हणणं हाय. त्याच्यात ताईच्या हातचं हाय. पुढून लोखंडी जाळी बसवू, वर संगमरवराची पाटी. पर तुमच्या तोंडून एकदा व्हय येऊ द्या."

मी तिथल्या तिथं 'हो' म्हणायला हवं होतं. वीस वर्षं मी दुसरं मागत तरी काय होते? पण घास तोंडातच घोळत राहिला. रविवारी सांगते म्हटलं.

दोन दिवसांनी तुझ्या भावाबरोबर तुझी खोली उघडली. मला वाटलं होतं कागदांचे गठ्ठे निघतील, चित्रं, नेपथ्याचे आराखडे, निदान एखादा मुखवटा. निघालं काय? चार साड्या, मोजकी भांडी, सुतारकामाची पेटी आणि खडूच्या तुकड्यांनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. तुझा भाऊ उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "ठेवण्यासारखं कायबी नाय वो हिचं." तो डबा मी घरी आणलाय. तू म्हणायचीस, माझ्या घरात माणसांपेक्षा पिशव्या जास्त आहेत. त्यात आता एक डबा वाढला.

खडू बघितले आणि अर्थातच दारं आठवली. ती गोष्ट तू चारचौघांत सांगायला लागलीस की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जायचे. आज मीच सांगते. तू नाहीस तेव्हा कुणीतरी सांगायला हवी.

माझं गल्लीवरचं नाटक स्पर्धेसाठी बसत होतं. मी म्हटलं, प्लायवूडची सात दारं कर, रंग मार, झालं. तू म्हणालीस, "प्लायवूडचं दार कुरकुरत नाय." दुसऱ्या दिवसापासून तू छावणीतल्या एका गल्लीत घरोघर जाऊन लोकांची दारं उघडून लावून ऐकायला लागलीस. कुठलं करकरतं, कुठलं खाली घासतं, कुठलं धाडकन आदळतं. लोकांना वाटलं, सरकारी पाहणीला कुणी बाई आली. नाटकातल्या भांडकुदळ सासूला तू आदळणारं दार शोधलंस आणि पळून जाणाऱ्या मुलीला मुळीच आवाज न करणारं. अशी सात दारं ठरली. मग ती तू माणसांच्या घरांतून चक्क उतरवून मागितलीस, तीन दिवसांसाठी. मी तुझ्या मागे उभी, मेल्याहून मेल्यासारखी. आणि लोकांनी दिली गं! दारांच्या जागी चादरी लावल्या आणि दिली. कोपऱ्यावरचे चाचा तर बिजागऱ्यांचे स्क्रू स्वतः काढून देत होते. "ले जाव अम्मा, ले जाव. घर में चोरी जाने कू रखा क्या है?"

ज्यांची दारं, ती सगळी घरं प्रयोगाला हजर. नाटक बघायला नाही, दार बघायला. पहिल्याच प्रवेशात तिसरं दार कुरकुरलं आणि मागच्या रांगेतून चाचा ओरडले, "अपना है! अपना दरवाजा है!" टाळ्या पडल्या. परीक्षकांनी वळून बघितलं. मला वाटलं, संपलं सगळं. त्या वर्षी मला दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं.

कौसे, त्या नाटकातलं माझं दिग्दर्शन बेताचंच होतं. ते नाटक तुझ्या दारांनी तोलून धरलं. बक्षीस घेताना मी लेखकाचं नाव घेतलं, नटांची घेतली, आमच्या ह्यांचंही घेतलं, आणि तुझं राहिलं. तू मागे उभी राहून टाळ्या वाजवत होतीस. त्यावर तू कधी बोलली नाहीस आणि मीही कधी विषय काढला नाही. दरवेळी वाटायचं, एवढं जुनं कशाला उकरायचं. आज उकरते. माझं चुकलं.

आता माझी दुसरी चूक, जी तू सगळ्या गावाला सांगितलीस. तुझा नियम असा होता की उसनं आणलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी मिळून परत करायचं, जागच्या जागी बसवून द्यायचं आणि त्या घरी चहा घेऊनच निघायचं. कुठलं दार कुणाचं हे कळावं म्हणून प्रत्येक दाराच्या मागच्या अंगाला तू खडूनं घराचं नाव लिहून ठेवलं होतंस. आणि माझं वळण असं, की दुसऱ्याची वस्तू परत करताना घासूनपुसून द्यावी. आई डबासुद्धा कधी न धुता पाठवायची नाही. मी सकाळी तुझ्याआधी पोचले आणि ओल्या फडक्यानं सातही दारं पुढून-मागून लख्ख पुसून ठेवली. तू आलीस. दारांकडं बघितलंस, मग माझ्या हातातल्या फडक्याकडं.

"नंदे, नावं कुठं गेली गं?"

पाच दारं कशीबशी ओळखू आली. उरलेली दोन जुळी होती, एकाच सुताराची. शेजारशेजारी राहणाऱ्या दोन जावांची, ज्या वाटणी झाल्यापासून सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आपण अंदाजानं बसवली आणि बरोब्बर उलटी बसवली. आपण चाचांकडं चहा पीत होतो तोवर थोरली तणतणत आली. "हे दार आमचं नव्हं. आमच्या दाराला माझ्या पोराची उंची मोजल्याच्या रेघा हायत, चाकूनं पाडलेल्या." तिच्या मागोमाग धाकटी, "आन् ह्या कुणाच्या रेघा आमच्या दाराला आल्या?" मग काय, दारं पुन्हा उतरवायची तर दोघींना एकमेकींच्या घरात यावंच लागलं. बोलावून आणलेला सुतार बिजागऱ्या काढत होता आणि दोघी दोन बाजूंनी दार धरून उभ्या होत्या, तोंडं फिरवून. धाकटीची नजर रेघांवर गेली. तिनं सगळ्यात वरच्या रेघेवर हात ठेवला आणि म्हणाली, "केवढा झाला की वो बाई आपला पोरगा." थोरलीनं मान खाली घातली. मग दोघींनी एकाच चुलीवर आपल्या सगळ्यांचा चहा केला.

पुढच्या महिन्यात त्या पाण्यावरून पुन्हा भांडल्या, ते सोड.

परत येताना टेम्पोत तू म्हणालीस, "तू पुसलंस म्हणून बोलल्या त्या. पर पुन्यांदा माझ्या खडूला हात लावलास तर बग." त्यानंतर प्रत्येक नाटकाला तू आधी माझ्या हातातलं फडकं काढून घ्यायचीस, नटांच्या देखत.

भिंतीचं भांडण त्याच नियमातून निघालं. मी म्हणायचे, एका वर्षीचं तरी ठेव. किती सुंदर झालंय, बाहेरून लोक बघायला येतात, वरून काहीतरी पक्कं लावू, पाच-दहा वर्षं हलायचं नाही. तू म्हणायचीस, "भिंत आपली हाय का, नंदा? उसनी घेतली. दारं कशी परत केली? तशी भिंत परत करायची. कोरी." मी म्हणायचे, "आणि तुझं काय राहिलं मग? एवढी वर्षं खपलीस, उद्या दाखवायला काय?" त्यावर तू हात झटकायचीस आणि दर वर्षी एकच उत्तर द्यायचीस.

"मी हाय की."

याच्यापुढे मला काही बोलता यायचं नाही. मी चिडून चुन्याच्या रविवारी कधी आलेच नाही. रंगाला यायचे, चुन्याला नाही. घरी बसून तांदूळ निवडायचे आणि मनात तुझ्याशी भांडायचे. आता मला बोलता येतं. आता तू नाहीस. सांग ना आता.

'जे कमी हाय ते' मला कधी कळलं, तेही सांगते. आई गेली त्या वर्षी मी नाटक सोडलं. कुणाला सांगितलं नाही, नुसत्या तालमी थांबवल्या. भेटायला येणारे सगळे मला समजवायचे. तू दर शनिवारी लासूरच्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन यायचीस, आमच्या स्वयंपाकघरात फतकल मारून बसायचीस आणि शेंगा सोलायचीस. नाटकाचं नाव नाही. एकदा खिडकीची कडी बसवून दिलीस, एकदा आईचं मोडकं पोळपाट दुरुस्त केलंस. चार महिने असे गेले. एका शनिवारी तू आली नाहीस, आणि मी दुपारी तीन वाजता साडी बदलून तुझ्या शाळेत येऊन उभी राहिले, नवीन संहिता घेऊन. तू पोरांचे रंगाचे वाडगे धूत होतीस. वर न बघता म्हणालीस, "आलीस व्हय. त्यो फडका घे, पूस." कौसे, आयुष्यात मला इतकं नेमकं कुणी सांभाळलं नाही. त्या दिवशी मी ते बोलले नाही, वाडगे पुसत बसले.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी तुला शिडी बंद केली. रंगाच्या रविवारी तू नळाजवळच्या कोपऱ्यात माझी घडीची खुर्ची टाकून बसलीस आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतः ब्रश घेतलास. हातभर उंचीचं चित्र. पाठमोरी बाई, घडीच्या खुर्चीवर बसलेली, पायाशी थर्मास, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल.

"ही मी आहे का गं?"

"पाठीवरनं वळखलंस? मंग जमली म्हणायची."

"पण पाठमोरी कशाला? तोंड काढायचंस की."

"तालमीला मी मागच्या रांगेत बसते. तीस वर्षं तुझी पाठच बघितली. तोंड तुझ्या नवऱ्याला काढाय सांग."

मी तिथं हसले. घरी जाऊन आरशाकडं पाठ केली आणि मान वळवून बघितलं. पेन्सिल तेवढी दिसली. तीस वर्षं आपल्या मागे कुणीतरी बसलेलं आहे, याची एवढी सवय झाली होती की मी कधी वळूनच बघितलं नव्हतं. मग जरा रडले. बरं वाटलं रडून.

दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत मी पुन्हा तेच काढलं. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, माणूस सलाइनवर आहे याचाही मुलाहिजा नाही. म्हटलं, "यंदा तो कोपरा तरी ठेवू या. तुझ्या हातचं तेवढंच आहे." तू डोळे मिटून पडली होतीस. मला वाटलं, झोपलीस. मग म्हणालीस, "औंदा चुन्याच्या रविवारी ये तू. रुसून बसू नको. भिंतीपाशी बोलू." आणि त्या रविवारच्या आत गेलीस. म्हणजे वीस वर्षांच्या भांडणात शेवटचा शब्द माझा राहिला. अशा जिंकण्यात काही मजा नाही गं.

इथवर शनिवारी लिहून ठेवलं होतं. आज सोमवार आहे.

काल सकाळी नऊला पोचले, खुर्ची आणि थर्मास घेऊन. चांगली पन्नासेक माणसं जमली होती. दशरथभाऊंनी जाळीचं मापसुद्धा घेऊन ठेवलेलं. पिंपात चुना मात्र भिजत घातलेला होता. मी बघितलं तशी ते ओशाळले. "आपला सवयीनं घातला, मॅडम. वाया नाय जायचा, झाडांच्या बुंध्यांना लावू." मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"ठेवा," मी म्हणाले. "नुसता कोपरा नाही, सगळीच भिंत ठेवा."

माना हलल्या. एक-दोघींनी डोळ्यांना पदर लावला. मला फार बरं वाटलं, साधारण अर्धा मिनिट.

मग मागून एक बारीक आवाज आला. "मंग म्या कुठं काढू?"

वत्सलाबाई. तू ओळखत होतीस, मी काल पहिल्यांदा बघितलं त्यांना. गंगापूरकडच्या, यंदाच लेकाकडं राहायला आलेल्या, सत्तरीच्या पुढच्या. दशरथभाऊ समजुतीनं म्हणाले, "मावशी, तुमी घराच्या भिंतीवर काढा की. ही आता ताईची झाली."

"घर लेकाचं हाय," वत्सलाबाई म्हणाल्या. "आन् ही ताईची नाय. ताईंनीच सांगितलंय मला. दवाखान्यात जायच्या आदल्या रोजी आल्या, वितीनं मोजलं आन् म्हनल्या, वत्सलाबाई, ही तुमची जागा, धरून ठिवली. म्या म्हनलं, हितं तर बाई बसलीय. तर म्हनल्या, तिला उठवू आपण. लई दिवस बसलीय."

लोक हसायचं की नाही या विचारात पडले. वत्सलाबाई पुढं होऊन नळाच्या कोपऱ्याशी गेल्या आणि बोटानं दाखवलं. मी गुडघ्यावर हात टेकत खाली वाकले. नळावरच्या पत्र्यामुळे तिथं पाऊस लागत नाही. माझ्या चित्राच्या बरोब्बर खाली, भिंतीच्या जोत्यावर, दोन उभ्या रेघा होत्या आणि त्यांच्या मधे खडूनं लिहिलेलं नाव. वत्सलाबाई. 'व'चं पोट नको तेवढं मोठं, शेवटच्या 'ई'ची शेपटी लांबच लांब. सात दारांच्या मागं होतं तेच अक्षर.

भिंतीपाशी बोलू म्हणाली होतीस. बोललीस बाई.

नावावर धूळ बसली होती. घाम पुसायला घेतलेला रुमाल माझ्या हातात होता आणि काय सांगू, हात आपोआप पुढं गेला. नावापासून बोटभरावर थांबला. मी रुमालाची घडी केली, कमरेला खोचला आणि उठले.

"दशरथभाऊ, चुना आणा."

"आवो मॅडम, आत्ताच तर तुमी..."

"आत्ताच्या आधी मी वीस वर्षं भांडत होते. आज हरले. आणा लवकर, ऊन चढतंय."

दशरथभाऊ वळून मोठ्यानं ओरडले, "चुन्यात मीठ टाकलं का रं कुणी?" तुझी युक्ती, मिठानं चुना हाताला लागत नाही. टाकलं नव्हतं, कारण लावायचाच नव्हता. तिघी तीन घरांत पळाल्या आणि एकमेकींना न विचारता तिघींनी मूठ मूठ टाकलं. तुझी भिंत यंदा खारट आहे.

पहिला कुंचा मी मारला. आधी अंबाडा, मग पाठ, मग खुर्ची, थर्मास. मला वाटलं होतं, एका फटक्यात पांढरं होईल. तसं झालं नाही. ओल्या चुन्याखालून बाई स्वच्छ दिसत होती, पेन्सिलीसकट. मी म्हटलं, चुना पातळ झालाय. दशरथभाऊ म्हणाले, "नाय मॅडम, ओला हाय तवर खालचं दिसतं. वाळला की पांढरा व्हतो. तुमी कधी आलाच नाय ना चुन्याला." खरंच होतं ते. इतकी वर्षं मी घरी तांदूळ निवडत होते.

मग मी घडीची खुर्ची उघडली, थर्मासातला चहा ओतला आणि तिथंच बसले. बाकीची माणसं माझ्या पाठीमागं उरलेल्या भिंतीला भिडली. ऊन वर आलं तशी बाई हळूहळू पांढरी होत गेली. आधी खुर्ची गेली, मग पाठ. पेन्सिल बराच वेळ राहिली. मला वाटलं होतं जिवाला लागेल. नाही लागलं. चहा गरम होता, वत्सलाबाई शेजारी जमिनीवर बसल्या होत्या, अर्धा कप त्यांनी घेतला. मागे बादल्यांची आदळआपट, हसणं, कुणाच्या तरी अंगावर चुना उडाल्याची बोंबाबोंब. त्या सगळ्यांना माझी पाठ दिसत असणार, हे माझ्या एकदम लक्षात आलं. आणि कौसे, मी वळून बघितलं. अख्खी कॉलनी नखशिखांत पांढरी झाली होती, कोण कुठला ते ओळखू येत नव्हतं. तुझं काय राहिलं, असं मी तुला दर वर्षी विचारायचे. आता नाही विचारणार.

वत्सलाबाईंना म्हटलं, "काय काढणार मग?" त्या म्हणाल्या, "अजून ठरलं नाय. वाळू तर द्या."

जाळी रद्द झाली. पाटीही रद्द, दशरथभाऊंचं तोंड जरा उतरलं पण मान्य केलं. खडूचा डबा मात्र मी कुणाला देणार नाही. तेवढं एक मी ठेवणार, त्यावर तू काहीही म्हण. रंगाच्या रविवारी घेऊन जाईन, नवीन कुणाची जागा धरायची असेल तर लागेल.

निघताना पुन्हा एकदा कोपऱ्याशी गेले. भिंत कोरी झाली होती, तुला हवी तशी. जोत्यावर चुन्याचे शिंतोडे उडाले होते. दोन रेघांच्या बाहेरचे तेवढे मी नखानं खरवडले. आतल्या नावाला हात लावला नाही. या वेळी नाही पुसलं, कौसे.